रेझाच्या नावाची बाटली

हिवाळ्यासाठी आंबवायचा कोबी अर्धाच किसून झाला होता. पिंपाच्या तळाशी चार थर बसले होते आणि पाचव्यावर टाकायला रेझाने मिठाची मूठ भरली होती. तेवढ्यात आत फोन वाजला. मूठ तशीच पिंपात झटकून ती धावली. मी अंगणात किसणीपाशी बसून राहिले. हे एकटीचं काम नाही, एकीने गड्डा धरायचा आणि दुसरीने फळी धरायची.

तिचा नवरा अदाम भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. त्याची डायलिसिसची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. तो मंगळवार होता, म्हणजे त्याचा माणसात असण्याचा दिवस.

"बघ कुमा मांदा," तो मला म्हणाला, "मला जे खायची बंदी, तेच तुम्ही बायका पिंप भरभरून करणार."

"तुझ्यासाठी कोण करतंय? नाताळात जावई येतोय. तो खातो बकऱ्यासारखा."

"त्याला म्हणावं, माझ्या वाटचं पाणीही पी. मला मोजूनच मिळतं."

त्यांच्या आंजेल्काच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी राहिले होते. तेव्हापासून मी त्या दोघांची कुमा आणि रेझा माझी कुमा. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कुमाशी भांडून चालत नाही.

रेझा बाहेर आली ती एप्रनला हात पुसत.

"झाग्रेबच्या इस्पितळातून फोन. वीस तारखेला बोलावलंय. सगळ्या तपासण्या एकदम. जुळलं तर वसंतात ऑपरेशन."

अदाम म्हणाला, "रेझे, अजून विचार कर. एक काढून घेतील आणि तुला अर्धी करून पाठवतील."

"बरंच होईल. तोंडही अर्धंच चालेल."

तो हसला. रेझाही हसली आणि किसणीपाशी येऊन बसली. गड्डा धरताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. ती आपली किडनी नवऱ्याला देणार, हे आमच्या तोपोलिक गावात दीड वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. तिची किडनी देण्याजोगी आहे का, ही शंका फक्त दोघींना होती, तिला आणि मला.

रेझा इथली नव्हे. पोझेगाच्या वरच्या डोंगरातली. पंच्याहत्तर साली विसाव्या वर्षी ती खालच्या गल्लीत सून म्हणून आली. सावा नदीच्या बाजूची ती खालची गल्ली आणि रस्त्याच्या वरच्या अंगाची आमची वरची गल्ली. मध्ये चाळीस पावलं आहेत, पण आजार चाळीस पावलं चढून वर कधी आला नाही. खालच्या गल्लीत माणसं पन्नाशीला पोचता पोचता फिकी पडायची, तळहात तांब्याच्या रंगाचे व्हायचे आणि किडन्या वाळून सुपारीएवढ्या व्हायच्या. अदामचा बाप एक्कावन्नाव्या वर्षी गेला, थोरला भाऊ अठ्ठेचाळिसाव्या. आमच्याकडे मुलीचं स्थळ आलं की नाव नंतर विचारतात, आधी विचारतात वरची का खालची.

रेझाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ती आली असती. अदाम तेव्हा फारच देखणा होता. ती आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूच्या परातीचा ताबा घेतला. दर शनिवारी आठ पाव. घरचा गहू, नदीकाठच्या शेतातला, गिरणीत दळलेला. तिचा पाव असा फुगायचा की फादर रविवारच्या मिस्सानंतर मुद्दाम खालच्या गल्लीतून घरी जायचे. माझा नवरा रेल्वेत होता, आम्ही ब्रोदच्या बेकरीतला पाव खायचो, आणि रेझा मला म्हणायची, "कुमा, तुमचा पाव म्हणजे नुसता कापूस आहे गं. दातांनाही लाज वाटेल." सणाला ती आमच्याकडे एक पाठवायची. सणालाच, म्हणून मी वाचले असं डॉक्टर म्हणतात.

कारण आजार गव्हात होता. आमच्या शेतात गव्हाला वेढून एक तण वाढतं, त्याला आम्ही लांडग्याचं पाऊल म्हणतो. कापणीत त्याचं बी गव्हात जायचं, पिठात जायचं, पावात जायचं. वीस-तीस वर्षं रोज जात राहिलं की किडनी संपायची. हे सगळं संशोधकांनी अगदी अलीकडे पक्कं केलं. तोवर आम्ही कधी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कधी नदीच्या धुक्याला, आणि सगळ्यात जास्त रक्ताला. घराचं रक्तच वाईट, असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

संशोधक दर ऑक्टोबरात यायचे. झाग्रेबच्या डॉक्टर तुर्काल आणि त्यांची माणसं. शाळेत टेबलं मांडायची, आदल्या संध्याकाळी घरोघरी बाटल्या वाटायची, बाटलीवर नाव लिहिलेली चिठ्ठी. सकाळची पहिली लघवी भरून नेऊन द्यायची. त्यात काही सापडलं तरच पुढे रक्त. महिन्याभराने लिफाफा घरी यायचा.

शहाण्णव साली रेझाच्या लिफाफ्यात लिहून आलं: प्रथिनं आढळली, अल्प प्रमाणात, पुढल्या वर्षी पुन्हा तपासू. तिने तो कागद मला दाखवला आणि चुलीत घातला.

"माझ्यात कुठून येणार हे?" ती म्हणाली. "मी का इथल्या रक्ताची आहे?"

तेव्हा आंजेल्का एकोणीस वर्षांची होती. बाप खालच्या गल्लीतला, हे लपण्यासारखं नव्हतंच. पण आई डोंगरातली, निरोगी, हा एक आधार होता. आईचं नावही आजाऱ्यांच्या यादीत गेलं तर मुलीला विचारणार कोण?

पुढच्या ऑक्टोबरात बाटल्या वाटल्या त्या संध्याकाळी रेझा एप्रनखाली आपली रिकामी बाटली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. काही मागितलं नाही. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्याकडे काही कमी आहे का गं?"

मी सकाळी दोन बाटल्या भरल्या. एक माझ्या नावाची, एक तिच्या. मला त्यात पाप दिसलं नाही. पापनिवेदनाला मी चिडचिड सांगितली, शुक्रवारी चुकून खाल्लेलं मांस सांगितलं, बाटली नाही सांगितली. शेजारणीला विरजण द्यावं तसं मी ते दिलं.

लिफाफा आला: काही आढळलं नाही. नव्व्याण्णव साली जाकोवोहून मुलाची आई स्थळ पाहायला आली. बाहेर अदाम तिच्या नवऱ्याला बदकं दाखवत होता. आत ती हळूच म्हणाली, "बापाकडचं आम्ही ऐकलंय. लपवत नाही आहात ते बरंच. आईकडचं काही नाही ना?" रेझाने कपाटातून तीन वर्षांचे लिफाफे काढून टेबलावर ठेवले. त्यातल्या दोनांवर माझं आरोग्य लिहिलेलं होतं आणि तिसरा वीजबिलाचा होता. बाईने वरचे दोन वाचले आणि कॉफी पिऊन टाकली.

लग्न झालं, आता पुरे, असं मी म्हटलं. रेझा म्हणाली, "आणि आता अचानक सापडलं तर? सासू काय म्हणेल?" मग नातू झाला. मग नुसती सवय. बारा ऑक्टोबर मी दोन बाटल्या भरल्या. खालच्या गल्लीत आम्ही एकट्याच नव्हतो. मला निदान पाच घरं माहीत आहेत जिथे लग्नाची मुलगी होती आणि बाटली वरच्या गल्लीतून जायची. कुणी कुणाला विचारायचं नाही. सकाळी शाळेच्या रांगेत सगळ्या बायका आपापली बाटली रुमालात धरून हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

दोन हजार आठच्या ईस्टरला अदामचं डायलिसिस सुरू झालं. त्याच दिवशी इस्पितळाच्या ओसरीत सगळ्यांसमोर रेझा म्हणाली, "माझी घ्या. माझ्या दोन्ही चांगल्या आहेत, अकरा वर्षांचे कागद आहेत." आंजेल्का मोठ्याने रडली. अदाम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती बोलली ते खोटं नव्हतं. त्या क्षणी ती मनापासून देत होती. मी तिथेच होते, मी तिचा चेहरा पाहिलाय.

पण मग ती जाईना. आधी मक्याची लावणी. मग बदकांची पिल्लं. मग नातवाला कांजिण्या. अदाम तिची बाजू घ्यायचा. "सुरीला भिते ती. इंजेक्शनला डोळे मिटते. वेळ लागेल." इस्पितळातून त्याला सांगत होते, तोवर तुमचं नाव यादीत घालूया, मृत माणसाचीही मिळू शकते, तपासण्या करून घ्या. तो म्हणायचा, "घरात चांगली पडलेली असताना मी मेलेल्याची का मागू? त्याच्या बायकोला काय वाटेल?" दीड वर्ष तो बायकोची वाट बघत राहिला.

एकदा बीन्स निवडताना मी रेझाला म्हटलं, "सांगून टाक त्याला."

"काय सांगू? अल्प होतं ते. डॉक्टरीणबाईंनीच लिहिलेलं, अल्प. मी संत आनाला नवस केला, त्यानंतर एकदा कंबर दुखली नाही. आणि बारा वर्षं कागद काय म्हणतोय?"

"कागद माझ्याबद्दल म्हणतोय, रेझा."

"तू गप्प बस. आपण दोघी एकाच वयाच्या, एकाच देवळातल्या."

मला तिचा राग आला नाही. इतकी वर्षं एखादी गोष्ट छापील कागदावर वाचली की ती तुमच्या अंगात मुरते. तिने कागदावर विश्वास ठेवला होता आणि मीही थोडासा ठेवला होता. माळ जपताना मी रोज म्हणायची, आई मारिये, कागद खरा कर.

वीस तारखेला आम्ही दोघी गाडीने झाग्रेबला गेलो. तो शुक्रवार होता आणि अदाम मशीनवर. डॉक्टर तुर्काल आता केस पांढरे झालेल्या, पण रेझाला पाहताच उठून आल्या.

"तोपोलिकची आमची रेझा! तुम्हाला माहीत नाही, मी तुमच्यावर व्याख्यानं दिलीत. नाव न घेता हो. बाहेरून आलेली बाई, चौतीस वर्षं तोच पाव खाल्लेली, आणि दरवर्षी स्वच्छ. आम्ही शोधतोय, तुमच्या शरीरात असं काय आहे जे तुम्हाला वाचवतं. तीन वर्षं माझे दोन विद्यार्थी त्यावर काम करतायत."

रेझा हसली. अगदी फोटोत हसतात तशी.

सकाळी रक्त, लघवी, मग सोनोग्राफी. लघवी तिने स्वतःची दिली, तिथे दुसरी कुणाची मिळणार होती? दुपारी तीनला आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरांपुढे कागद पसरलेले होते आणि त्या ते पुन्हा पुन्हा वरपासून वाचत होत्या.

"काहीतरी अदलाबदल झालीय," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेत नमुने बदलले असणार. मी पुन्हा रक्त घ्यायला सांगते."

"नको," रेझा म्हणाली.

"हे तुमचे आकडे असूच शकत नाहीत. यात दोन्ही किडन्या लहान आहेत. तिसरा हिस्साही काम उरलेलं नाही."

"माझेच आहेत, डॉक्टरीणबाई." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ते आधीचे हिचे होते."

डॉक्टर तुर्काल यांनी पेनाचं टोपण शोधलं, लावलं, पुन्हा काढलं.

"सगळे?"

"पहिल्या वर्षीचे सोडून."

"का?" हे विचारून त्याच म्हणाल्या, "नाही, राहू दे. कळलं. मुलगी आहे तुम्हाला." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणखी किती घरं?"

मी नावं सांगितली नाहीत. आधी पाच म्हटलं, मग खरी वाटत होती तेवढी सांगितली, आठ. त्यांनी ते कुठेही लिहून घेतलं नाही. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पंधरा वर्षं ऑक्टोबरात ही बाई चिखलातून आमच्या दारात यायची. एका वर्षी पूर आला तर ट्रॅक्टरवर बसून आली. आणि आम्ही तिला बाटलीत रस्त्यापलीकडच्या घराचं पाणी देत होतो.

"अदामला देता येईल का थोडीशी?" रेझाने विचारलं. खरंच असं विचारलं. "एक तर एक. जेवढी चालते तेवढी. त्याला दोन-तीन वर्षं मिळाली तरी…"

"रेझा, तुम्हालाच दोन वर्षांत मशीन लागेल."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. कुतिना स्टेशन गेल्यावर म्हणाली, "पाव मी केला ना गं. चौतीस वर्षं. सासू म्हणायची जरा चाळून घे, मी म्हणायची डोंगरात आम्ही नाही चाळत." मी म्हटलं, बी चाळणीने जात नाही, डॉक्टरच म्हणाले. कुठल्याच डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं.

अदामला तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं, कोट न काढता. मी निघायला लागले तर म्हणाली, तूही थांब, तूही आहेस यात. सगळं ऐकून घेऊन त्याने आपला मोजून भरलेला पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"म्हणजे बारा वर्षं सरकार कुमा मांदाची किडनी तपासतंय," तो म्हणाला. "एवढी तपासलेली किडनी अख्ख्या क्रोएशियात नसेल. मग हिचीच घ्या की!"

आम्ही तिघं हसलो. खरंच हसलो, रेझाच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसणं थांबलं आणि कुणीच माझ्याकडे बघेना.

मी ब्रोदला जाऊन विचारलं. माझा रक्तगट त्याला चालत नाही. चालला असता तर दिली असती का, ते देवाला माहीत असेल, मला नाही. त्या आठवड्यात मी पापनिवेदनाला बाटल्या सांगितल्या. फादरनी तीन माळा जपायला सांगितल्या. मला वाटलं होतं जास्त सांगतील. आंजेल्काने बापासाठी आपली देऊ केली, पण त्या पावावर वाढलेल्या पोरीची घेणार नाही असं डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं.

मग अदाम यादीच्या तपासण्यांना गेला, निमूट, कुणी न ओढता. त्यात किडनीकडून खाली येणाऱ्या नळीत गाठ निघाली. आमच्या आजारात ती अशीच येते, किडनी संपली तरी नळ्यांना सोडत नाही. डाव्या बाजूचं सगळं काढलं. नवी किडनी बसवली की आयुष्यभर जी औषधं घ्यावी लागतात, त्यांनीच अशा गाठी वाढतात, म्हणून किमान दोन वर्षं गाठ परत न येता गेली पाहिजेत, तोवर यादीत नाव नाही. डॉक्टर तुर्काल यांनी हे त्याला स्वतः येऊन सांगितलं. त्याने विचारलं, "दीड वर्षापूर्वी आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "तेव्हा गाठ लहान असती. कदाचित नसतीच." खोटं बोलायला त्यांना आम्ही पुरेसं शिकवलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात उजवीकडेही गाठ निघाली. आता कुणी यादीचं नाव काढत नाही.

त्याने रेझाला एकदाही काही म्हटलं नाही. तिला तेच सहन होत नाही. परवा मी दूध घेऊन गेले तर ती त्याच्यावर ओरडत होती, "बोल ना एकदा! शिव्या दे! मुक्यासारखा काय बसलास?" तो म्हणाला, "रेझे, तुला मी आणली या घरात. मला माहीत होतं इथे काय आहे. मी तुला सांगितलं होतं का?" ती वळली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

ऑक्टोबरात डॉक्टर तुर्काल आल्या नाहीत. शाळेत टेबलं मांडली नाहीत. खालच्या गल्लीतल्या एक-दोघी म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली.

रेझाचे तळहात आता अदामच्या बापाचे होते तसे दिसतात. पाव ती करत नाही, बेकरीतला आणते. जाकोवोची सासू मात्र चांगली निघाली. काही बोलली नाही, नातवाला दर महिन्याला पाठवते. पण पोराची लघवी तपासायला ती त्याला झाग्रेबला घेऊन जाते, आणि बाटली स्वतःच्या हातात धरते, असं आंजेल्का सांगत होती.

गुरुवारी सकाळी साडेसातच्या बसने रेझाला ब्रोदला जायचंय, मशीनसाठी डाव्या हाताची नस जोडून घ्यायला.